निवडून आलो आहे, पण माझ्याच मतांच्या बेरजेवर माझा विश्वास बसत नाही : सोसायटीच्या निवडणुकीतील मतमोजणीबाबत

तिसरा मजला (प्रश्न)

आमची ठाण्यातील गृहनिर्माण संस्था १६८ सदनिकांची आहे. सदस्यसंख्या २५० च्या आत असल्याने निवडणूक संस्थेनेच घ्यायची होती, आणि त्यासाठी समितीने बाहेरचे एक गृहस्थ निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून नेमले होते. गेल्या रविवारी मतदान झाले आणि त्याच संध्याकाळी तळमजल्यावरील सभागृहात मतमोजणी होऊन निकालही जाहीर झाला. समिती तेरा जणांची आहे : सर्वसाधारण आठ, महिला दोन आणि उरलेल्या तीन राखीव जागा. राखीव जागांसाठी अर्जच आले नाहीत, त्यामुळे मतपत्रिकेवर दोनच रकाने होते. सर्वसाधारण रकान्यात आठ जागांसाठी अकरा उमेदवार होते, तर महिलांच्या रकान्यात दोन जागांसाठी तीन. मी सर्वसाधारण गटात उभा होतो आणि आठव्या क्रमांकाने निवडून आलो. नवव्या क्रमांकावर राहिलेले काका पहिल्या मजल्यावर राहतात. माझ्यात आणि त्यांच्यात तीन मतांचे अंतर आहे.

फलकावर लावलेले सर्वसाधारण गटाचे आकडे जसेच्या तसे देतो : ११७, ११२, १०८, १०४, १०१, ९८, ९१, ७९ (हा मी), ७६ (हे काका), ७१, ६२. महिला गटाचे आकडे १०९, ८८, ४९. एकूण मतपत्रिका १३२, त्यांपैकी वैध १२६ आणि बाद ६.

मला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी दोन आहेत. मतदार यादीवर सही करून मतपत्रिका घेणाऱ्यांची संख्या मी संध्याकाळी स्वतः मोजली होती, ती १३१ होती. पेटीतून मात्र १३२ मतपत्रिका निघाल्याचे फलकावर लिहिले आहे. दुसरी गोष्ट अशी की, मतपत्रिकेवर नावे आडनावाच्या अकारविल्हे होती आणि माझे व काकांचे नाव एकाखाली एक, सहावे आणि सातवे होते. मोजणी दोन टेबलांवर चालू होती. प्रत्येक टेबलावर एक जण मतपत्रिका उघडून नावे मोठ्याने वाचत होता आणि दुसरा आपल्या कागदावर रेघा मारत होता, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दुसऱ्या टेबलावरचा वाचणारा आठ-आठ नावे एका दमात म्हणत होता आणि लिहिणाऱ्याची पेन्सिल त्याच्या मागून धावत होती. मी काही वेळ त्यांच्या मागे उभा होतो. माझ्या ओळीत पडलेली एक रेघ त्याने खोडून खालच्या ओळीत नेलेली मी पाहिली. अशा आणखी किती रेघा खोडायच्या राहून गेल्या असतील, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

निकाल वाचल्यावर अधिकाऱ्यांनी हरकत विचारली होती. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सगळ्यांना घरी जायचे होते, आणि खरे सांगायचे तर निवडून आलेल्या माणसाला हरकत सुचत नाही. आता विचारावेसे वाटते : अशा मोजणीची अचूकता नंतर तपासता येते का, आणि निवडून आलेल्या उमेदवारालाच ती तपासून हवी असेल तर त्याने काय करावे?

---

जमाखर्च

मी बत्तीस वर्षे सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण केले आहे, त्यामुळे आकडे दिसले की आधी बेरीज करतो आणि मग बाकीचे वाचतो. तुम्ही अकरा आकडे दिलेत, पण त्यांची बेरीज तुम्ही किंवा तुमच्या संस्थेतील कोणी केलेली दिसत नाही. ती १०१९ भरते.

आता वैध मतपत्रिका १२६ आणि प्रत्येक मतदाराला सर्वसाधारण रकान्यात जास्तीत जास्त आठ फुल्या मारता येतात. म्हणजे एकानेही एकसुद्धा मत वाया घालवले नाही असे धरले, तरी त्या गटात १००८ पेक्षा जास्त मते असूच शकत नाहीत. फलकावर निदान ११ मते अशी आहेत जी कोणीही दिलेली नाहीत. "निदान" हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण आठही फुल्या मारणारे मतदार कोणत्याच सोसायटीत शंभर टक्के नसतात. कोणी पाच ओळखीच्या नावांवर थांबतो, तर कोणी आपल्याच मजल्यावरच्या एकाला मत देऊन पेटीकडे जातो. महिला गटाकडे पाहा : १२६ दुणे २५२, आणि बेरीज २४६. सहा मते न दिलेली आहेत, आणि हे स्वाभाविक दिसते. (स्वाभाविक दिसते, एवढेच म्हणतो. बेरीज मर्यादेत आहे म्हणून आकडे बरोबर आहेत असे होत नाही.) दोनच फुल्या मारायच्या असलेल्या रकान्यात सहा मते कमी पडली, तर आठ फुल्यांच्या रकान्यात त्याहून बरीच जास्त कमी पडायला हवी होती. म्हणून खरी चूक ११ ची नाही, माझ्या अंदाजाने ती तीस-चाळीसच्या घरात असावी. तुमचे अंतर तीन मतांचे आहे.

ही वाढ कोठून आली असेल, याच्या मला तीन वाटा दिसतात. पहिली, कोणीतरी नऊ किंवा दहा फुल्या मारलेल्या मतपत्रिकेचा सर्वसाधारण रकाना बाद न करता तशीच सगळी नावे वाचली गेली. दुसरी, वाचणाऱ्याने नाव पुन्हा उच्चारले आणि लिहिणाऱ्याने दोन्ही वेळा रेघ मारली. तिसरी, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा सापडणारी, म्हणजे मोजणी बरोबर पण बेरीज चुकीची : दोन टेबलांचे आकडे एकत्र करताना किंवा पहिल्या पानाची बेरीज पुढे नेताना झालेली. संस्थेच्या हिशेबात ज्या चुका होतात त्याच येथेही होतात, फक्त येथे त्यांना कोणी ताळमेळ लावत नाही.

तुमची एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलेली रेघ मात्र या तपासणीत सापडणार नाही. एकाचे मत दुसऱ्याच्या नावावर गेले तर एकूण बेरीज जागच्या जागी राहते. त्यासाठी मतपत्रिकाच पुन्हा मोजाव्या लागतात, दुसरा मार्ग नाही.

दोन्ही टेबलांचे कच्चे कागद मिळतात का ते पाहा आणि प्रत्येक टेबलाची बेरीज वेगळी करा. त्यासाठी कोणत्या टेबलावर किती वैध मतपत्रिका होत्या हेही लागेल.

---

दुसरी विंग

माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मतपत्रिकांच्या झेरॉक्स मागा. दहा रुपयांत काम होईल.

---

लाखेची मोहोर

तसे होणार नाही. सहकारी संस्था ही केवळ कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून ती माहितीच्या अधिकाराखाली माहिती देण्यास बांधील असे सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. सहकार खात्याच्या निबंधकाकडे कायद्याने जी माहिती येते किंवा त्याला मागवता येते, ती त्याच्यामार्फत मिळू शकते. पण मोहोरबंद मतपत्रिकांच्या प्रती अशा वाटेने हातात पडतील असे समजून वेळ घालवू नका. मतपत्रिका गुप्त असतात आणि त्यांची पाकिटे न्यायालयाच्या आदेशाखेरीज उघडली जात नाहीत.

मी स्वतः काही वर्षे संस्थांच्या निवडणुका निर्णय अधिकारी म्हणून घेतल्या आहेत, म्हणून त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

१३१ आणि १३२ च्या फरकाने घाबरून जाऊ नका, आधी मतपत्रिकांचा हिशेब मागा. छापलेल्या किती, वाटलेल्या किती, शिल्लक किती आणि मतदाराने खराब केल्यामुळे परत घेऊन बदलून दिलेल्या किती. एखाद्या आजींनी चुकीच्या जागी फुली मारली, त्यांना दुसरी मतपत्रिका दिली आणि पहिली रद्द करून टेबलावर ठेवली, असे हमखास होते. ती रद्द मतपत्रिका संध्याकाळी चुकून बाद मतांच्या गठ्ठ्यात गेली, की पेटीतली संख्या सह्यांपेक्षा एकने वाढते. निकालावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण ती बाद मतांतच आहे. पण तसे झाले असेल, तर ते स्थळप्रतींवरून (मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या भागावरून) आणि शिल्लक मतपत्रिकांवरून दहा मिनिटांत सिद्ध करता आले पाहिजे. उलट हिशेब जुळत नसेल, म्हणजे सही न करता कोणीतरी मतपत्रिका घेतली असेल, तर तो वेगळा आणि गंभीर मुद्दा आहे.

नऊ फुल्यांबद्दल जमाखर्च यांनी लिहिले ते बरोबर आहे, त्यात एक भर घालतो. जागांपेक्षा जास्त फुल्या असतील तर तेवढ्या गटातले मत बाद होते, संपूर्ण मतपत्रिका नव्हे. सर्वसाधारण रकान्यात नऊ फुल्या मारणाऱ्याने महिला रकान्यात दोन बरोबर मारल्या असतील, तर त्या दोन मोजायच्या असतात. म्हणून वैध-बाद हा हिशेब गटवार मांडायला हवा. तुमच्या फलकावर "वैध १२६, बाद ६" असा एकच आकडा आहे, त्यावरून मला वाटते की तुमच्या अधिकाऱ्यांनी हा फरक केलाच नाही. एका टेबलाने नऊ फुल्यांची मतपत्रिका अख्खी बाद केली आणि दुसऱ्याने तिची नऊही नावे वाचली, असे एकाच सभागृहात, एकाच छताखाली घडू शकते. सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही टेबलांना समोर बसवून बाद कशाला म्हणायचे ते सांगणे हे अधिकाऱ्याचे काम असते, आणि ते फार थोडे जण करतात.

आता फेरमोजणीबाबत. लोकसभा-विधानसभेसाठी जे १९६१ चे नियम आहेत, त्यांतील नियम ६३ प्रमाणे बेरीज वाचून दाखवल्यावर उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला लेखी अर्ज करून, कारणे देऊन, फेरमोजणी मागता येते. निकालपत्रकावर एकदा सही झाली की असा अर्ज घेतला जात नाही. सहकारी संस्थांच्या निवडणुकांतही व्यवहार याच धर्तीवर चालतो. तुमच्या अधिकाऱ्यांनी हरकत विचारली ती याचसाठी. ती वेळ गेली. आता तेच गृहस्थ स्वतः चूक मान्य करत असले, तरी निकाल बदलण्याचा अधिकार त्यांच्या हातात उरलेला नाही, आणि त्यांनी समजुतीने पाकिटे उघडून मोजून दाखवतो म्हटले तर कृपया त्यांना तसे करू देऊ नका. एकदा मोहोर तुटली की पुढे कोणत्याही न्यायालयात त्या मतपत्रिकांना पुरावा म्हणून किंमत राहणार नाही.

उरतो तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम ९१ खालचा वाद, सहकार न्यायालयात. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते आणि ती थोडी असते, त्यामुळे दिवाळी होऊन जाऊ द्या वगैरे म्हणू नका. निवडून आलेल्याने स्वतःच्याच निवडीविरुद्ध दावा लावणे विचित्र दिसेल. काकांनी दावा लावावा, आणि तुम्ही प्रतिवादी म्हणून फेरमोजणीस हरकत नाही असे लिहून द्यावे. न्यायाधीशांपुढे असे फारसे येत नसावे.

---

जुना अध्यक्ष

वरील मंडळींचे ज्ञान मोठे आहे, त्याबद्दल आदर ठेवून लिहितो. मी अकरा वर्षे आमच्या संस्थेचा अध्यक्ष होतो. सोसायटीच्या निवडणुकीत कोणाला मानधन नसते आणि सत्ता म्हणाल तर पाण्याच्या टाकीची साफसफाई कधी करायची हे ठरवण्याची. तीन मतांसाठी सहकार न्यायालयात गेलात, तर पुढची पाच वर्षे लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे न पाहता आकड्यांकडे पाहत उभे राहतील. आमच्याकडे हे झाले आहे. दावा चालू असताना मोठ्या दुरुस्तीचे काम दोन पावसाळे रखडले आणि वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी घरात बादल्या लावल्या.

तुमचे मन खात असेल तर सरळ राजीनामा द्या आणि काकांना घ्यायला सांगा.

---

लाखेची मोहोर

राजीनाम्याने नववा आपोआप आठवा होत नाही. जागा रिकामी होते आणि ती कशी भरायची हे उरलेले समिती सदस्य आणि उपविधी ठरवतात. काकांऐवजी तिसऱ्याच कोणाची तेथे वर्णी लागली, तर ज्याला मते कमी पडली तोही नाही आणि ज्याला जास्त पडली तोही नाही, असे व्हायचे.

बाकी तुमचा बादल्यांचा मुद्दा मला मान्य आहे. पण येथे वादी आणि प्रतिवादी दोघांनाही एकच गोष्ट हवी असेल, तर ते प्रकरण तुमच्यासारखे लांबण्याचे कारण नाही.

---

कोर्टकचेरी

वकिली व्यवसायात आहे, पण हा सल्ला नव्हे, फक्त दोन-तीन निकालांची आठवण.

मतपत्रिका तपासू द्या असे म्हटले की न्यायालय लगेच पाकिटे उघडत नाही. १९६४ च्या राम सेवक यादव प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका ही आहे की, मतपत्रिकांची पाहणी हा मागेल त्याला मिळणारा हक्क नव्हे. कोणत्या चुका झाल्या, त्या कोठे झाल्या, त्याचा आधार काय, हे ठोस सांगावे लागते. आधी पाकिटे उघडू द्या, मग त्यांत काही सापडते का पाहू, असे चालत नाही. त्यामुळे हरलेल्या उमेदवारांचे बहुतेक अर्ज "मोजणी घाईत झाली", "अंधार होता", "आमच्या माणसाला जवळ येऊ दिले नाही" एवढ्यावरच मोडतात. तुमच्याकडे मात्र १०१९ आणि १००८ हे दोन आकडे आहेत, आणि दोन्ही खुद्द अधिकाऱ्यांच्याच फलकावरून काढलेले आहेत. माझ्या मते दाव्याचा पहिला परिच्छेद एवढाच असावा. खोडलेल्या रेघेची हकीकत नंतर येऊ द्या, कारण ती तुमच्या डोळ्यांवर अवलंबून आहे आणि बेरीज कोणाच्याच डोळ्यांवर अवलंबून नाही.

लहान निवडणुकांत मोजणीच्या चुकीने निकाल उलटल्याची उदाहरणे जुनी नाहीत. चंदीगडच्या महापौराच्या निवडणुकीत ३० जानेवारी २०२४ रोजी अवघी ३६ मते पडली होती. त्यांतील ८ बाद ठरवून १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला गेला. त्या आठ मतपत्रिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतः मागवून पाहिल्या, त्या आठही कुलदीप कुमार यांच्या बाजूच्या आणि वैध असल्याचे ठरवले आणि २० फेब्रुवारीला त्यांची एकूण २० मते धरून त्यांना विजयी घोषित केले. तेथे मात्र पीठासीन अधिकाऱ्याने मतपत्रिकांवर खुणा केल्याचे चित्रीकरणच होते, ते प्रकरण नजरचुकीचे नव्हते. तुमच्या अधिकाऱ्यांना त्या रांगेत बसवू नका.

तुमच्या प्रकरणाला जवळचे उदाहरण हरियाणातील आहे. पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू या गावी नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका मतदान केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे एकमेकांच्या नावापुढे लिहिले गेले, म्हणजे तुमची एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलेली रेघच, फक्त अख्ख्या केंद्राची. मतदान यंत्रावर झाले होते, यंत्राने आकडे बरोबर दाखवले होते. चूक ते कागदावर उतरवताना झाली. प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले, यंत्रे दिल्लीला मागवून तेथे मोजणी झाली, मोहित कुमार यांना १०५१ आणि कुलदीप सिंह यांना १००० मते भरली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मोहित कुमार यांना सरपंच घोषित करण्याचा आदेश निघाला. पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षे तोवर उलटली होती. जुना अध्यक्ष यांच्या म्हणण्यातला खरा भाग हा आहे.

फेरमोजणीत तुम्हा दोघांची मते समान भरली तर काय, हा प्रश्न येईलच. सर्वत्र रूढ असलेला उपाय चिठ्ठीचा आहे. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोघांची मते समान भरली, तेव्हा नगरसेवक चिठ्ठीनेच ठरला होता.

---

तिसरा मजला

सर्वांचे आभार. मधल्या सहा दिवसांत जे झाले ते लिहितो.

निर्णय अधिकाऱ्यांना भेटलो. मी निवडून आलेला आहे हे कळल्यावर त्यांना माझा हेतू समजायला थोडा वेळ लागला, पण नंतर ते मोकळेपणाने बोलले. मतपत्रिका १७५ छापल्या होत्या, ४३ शिल्लक आहेत, म्हणजे १३२ वाटल्या गेल्या. त्यांतील एक खराब झाली म्हणून बदलून दिली होती, आणि ती लाखेची मोहोर यांनी सांगितले त्याप्रमाणेच बाद गठ्ठ्यात जाऊन बसली होती. एका सहीचा फरक येथे मिटला. पेटीत १३१ आणि खरी बाद मते पाच.

मोजणीचे कच्चे कागद पाकिटात गेले आहेत, परंतु त्या रात्री एका उमेदवाराच्या मुलाने दोन्ही टेबलांवरच्या कागदांचे फोटो काढलेले होते. ते मोठे करून मी आणि काका त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. (काकांना मी हे सर्व आधीच सांगितले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग चष्मा शोधायला उठले.) पाचव्या क्रमांकाच्या उमेदवाराला पहिल्या टेबलावर ५६ आणि दुसऱ्यावर ३५ मते होती, आणि एकत्रित कागदावर त्यांची बेरीज १०१ लिहिली आहे. सहा आणि पाच अकरा, हातचा एक. तो हातचा कोणीतरी दोनदा धरला. खरी बेरीज ९१ आहे. ते तरीही निवडून येतातच, पण एकूण १०१९ चे १००९ झाले. क्षणभर वाटले की सुटलो. मग काका म्हणाले, "अजूनही एक जास्तच आहे की हो."

म्हणून जमाखर्च यांनी सांगितल्याप्रमाणे टेबलवार बेरीज केली. पहिल्या टेबलावर पंचवीसचे तीन गठ्ठे, म्हणजे ७५ मतपत्रिका, वैध ७२. आठाने गुणून मर्यादा ५७६, आणि रेघांची बेरीज ५६१. पंधरा मते न दिलेली, म्हणजे माणसे जशी मत देतात तसे. दुसऱ्या टेबलावर उरलेल्या ५७, वैध ५४. मर्यादा ४३२. रेघांची बेरीज ४४८.

एकट्या दुसऱ्या टेबलावर निदान सोळा रेघा जास्त आहेत. पहिल्या टेबलावर कमी दिलेल्या पंधरा मतांनी त्यांतील पंधरा झाकून टाकल्या होत्या, म्हणून एकत्रित बेरजेत फक्त एक उघडी पडली. आणि आमचे दोघांचे आकडे असे : पहिल्या टेबलावर मला ४१, काकांना ४७. दुसऱ्या टेबलावर मला ३८, काकांना २९. ज्या टेबलाची बेरीज पटण्यासारखी आहे तेथे ते सहा मतांनी पुढे आहेत, आणि जेथे बेरीज पटत नाही तेथे मी नऊ मतांनी पुढे आहे.

यावरून ते जिंकले असे मी म्हणत नाही. त्या ५७ मतपत्रिकांत मागच्या दोन मजल्यांवरची मते जास्त असतील आणि तेथे मला खरोखरच जास्त मते पडली असतील, हेही शक्य आहे. पण ७९ हा आकडा माझा आहे असे मला आता म्हणता येत नाही.

पाकिटे जशी आहेत तशी ठेवावीत असे पत्र आम्ही दोघांच्या सहीने अधिकाऱ्यांना आणि संस्थेला दिले, उपनिबंधकांच्या कार्यालयात त्याची प्रत देऊन पोच घेतली. नव्या समितीची पहिली सभा रविवारी आहे. मी जाणार आहे, पण कोणतेही पद घेणार नाही. वकिलांकडे आम्ही सोमवारी एकत्र जाणार आहोत. जाताना आणखी काय न्यावे?

---

जमाखर्च

मुलाने काढलेले फोटो त्याच्या फोनमधून काढून टाकू देऊ नका, आणि तुमच्याकडे पुढे पाठवलेल्या प्रतींवर विसंबू नका. मूळ फाइल कधी घेतली याची वेळ तिच्यातच नोंदलेली असते, आणि ती वेळ निकालाच्या आधीची आहे हे महत्त्वाचे ठरेल. फलकावरच्या निकालाची सही-शिक्क्यानिशी प्रत मागून घ्या, नुसता फोटो नको. टेबलवार बेरजेचा तुमचा तक्ता एका पानावर स्वच्छ लिहा, शेवटी वैध मतपत्रिका गुणिले आठ ही ओळ ठळक ठेवा. वकिलांना आणि न्यायाधीशांना दोघांनाही ते पान आधी वाचायचे असते.

आणि पहिल्या टेबलाचीही फेरमोजणी मागा. त्याची बेरीज मर्यादेत आहे एवढेच आपल्याला माहीत आहे. तुमची नावे तेथेही एकाखाली एकच होती.

---

लाखेची मोहोर

मोजणीच्या कागदांच्या प्रती अर्जात मागताना दोन्ही टेबलांच्या कच्च्या कागदांचा वेगवेगळा उल्लेख करा. नाहीतर एकत्रित गोषवाऱ्याची एक प्रत देऊन बोळवण होते, आणि तुमच्या प्रकरणात नेमका तो गोषवाराच सोळांतल्या पंधरा रेघा पोटात घालून बसला आहे.